न चाखलेली आमटी

रविवार, १३ जुलै

चपला सापडेनात. वर आरती चालू आणि मी जिन्यात वाकून चपला शोधते आहे. सापडल्या त्या मंगलच्या रबरी सपातांखाली. ओढून काढल्या, पायात घातल्या, निघाले. निरोप नाही. आरती अर्धी.

कारण एवढंच — चांगदेवकाकांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं की ऑगस्टपासून रविवारच्या नैवेद्याचा स्वयंपाक मंगल करील.

मी चौदा महिने येते आहे. ती जानेवारीपासून. सहा महिने.

घरी आल्यावर चहा केला. चहा सोडायचा असतो. मी सोडलेला नाही. हे तिथे कुणाला माहीत नाही.

मंगळवार, १५ जुलै

दोन दिवस गेले तरी तेच. नीट लिहून काढलं तर सुटेल, म्हणून लिहिते.

ओतूरच्या स्टँडजवळ खताच्या दुकानावर एक हॉल आहे. पूर्वी तिथे शिकवण्या चालत. भिंतीवर फळ्याचा चौकोन अजून दिसतो. त्या चौकोनापुढे आता राधाकृष्णाच्या दीड फुटी मूर्ती. दर रविवारी दुपारी चांगदेवकाकांच्या देखरेखीखाली आम्ही नऊ नवशिके जमतो. दुपारीच, कारण संध्याकाळी उसाच्या वाटेने बायकांना परतता येत नाही — बिबट्या. नाम घ्यायचं, पोथी ऐकायची, आरती, मग प्रसाद; प्रसादाला गावातली आणखी पन्नासेक माणसं येतात. कांदा-लसूण वर्ज्य. रोज सोळा माळा. आणि प्रत्येक बाईला ‘माताजी’ म्हणायचं, हिंदी मालिकेतल्यासारखं. नऊ जणांत एकाला तरी हे ऐकून हसू यावं! येत नाही.

मी का जाते, हेही लिहायला हवं. एकतीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. दहा मिनिटांत कुठल्याही लिखाणातला खोटेपणा दाखवून देता येतो. दुसरं काही येत नाही. निवृत्त झाल्यावर एका दुपारी बस चुकली. पाऊस होता, म्हणून त्या जिन्यात उभी राहिले. वर नाम चाललं होतं. चाल सामान्य, आवाज बेसूर. आणि डोकं बंद पडलं. सात-आठ मिनिटं. डोक्यात वाक्य नाही, शेरा नाही, काही नाही. असं कधी झालं नव्हतं.

त्या सात-आठ मिनिटांसाठी जाते. पुन्हा झालेलं नाही.

मंगलला रोज होतं.

मंगल पिंपळवंडीची. चाळिशी ओलांडलेली, हात मोठे. टोमॅटो आणि कांद्याचं रान आहे त्यांचं. घरात चाळभर कांदा आणि ही खात नाही — हे हॉलमध्ये कौतुकाने सांगितलं जातं. माळेला बोट लावलं की हिच्या डोळ्यांतून पाणी. पदराने पुसते. परत पाणी. अश्रू हा वाङ्मयातला सर्वांत स्वस्त माल, असं मी दर वर्षी नव्या वर्गाला सांगायची. त्या हॉलमध्ये त्याच मालाला भाव आहे.

शुक्रवार, १८ जुलै

चार माळा. पाचवीच्या मध्यात ध्यानात आलं की मी मंगलच्या पदराचा विचार करते आहे. तोंड चालूच होतं. मणीही सरकत होते.

रविवार, २० जुलै

गेले. जाणार नव्हते.

पोथी मी वाचते, ती माझी सेवा. वाचून झालं की वृषाली दर वेळी उसासा टाकते. वृषाली बँकेत कारकून आहे आणि तिला प्रत्येक गोष्टीत ‘भाव’ दिसतो. मंगलमाताजींच्या फुलांत भाव. मंगलमाताजींच्या पुसण्यात भाव. आज मंगलने फरशी पुसली आणि वृषालीने तिचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली सदतीस नमस्कार.

काकांनी आज खरी बातमी सांगितली. नंदोत्सवाला, म्हणजे जन्माष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, पुण्याहून महाराज येणार. ओतूरच्या नऊ जणांतून या वेळी एकाला कार्तिकात दीक्षा मिळेल. एकालाच. नाव काका देणार.

लगेच नऊ जणांनी डोळे घट्ट मिटले आणि जप सुरू केला. इतका मन लावून जप त्या हॉलमध्ये कधी झाला नसेल. मी मात्र डोळे उघडून सगळ्यांकडे बघत होते. मग मीही मिटले.

सोमवार, २१ जुलै

मला ती दीक्षा हवी आहे. इथे तरी खोटं कशाला लिहू?

दीक्षेत महाराज माळ आधी स्वतः जपतात आणि मग आपल्या हातात देतात. दुसऱ्याच्या नामाने गरम झालेली माळ. मला वाटतं, तिने होईल. माझ्या माळेने होत नाही. ती मी पुण्यात दुकानातून आणली आहे.

गुरुवार, २४ जुलै

आज सहा माळा. सांगणार कुणाला?

रविवार, २७ जुलै

आज मी एक गोष्ट केली. लिहिताना ती जितकी क्षुद्र दिसते तितकीच करतानाही होती.

देवाला वाहायची फुलं हुंगायची नसतात. नैवेद्य चाखायचा नसतो. आधी त्याने, मग आपण. हा इथला पहिला नियम. पहिल्या रविवारीच सांगतात. आज मंगल मोगरा ओवत होती. ओवता ओवता तिने ओंजळ नाकाशी नेली. क्षणभरच. मी पोथी वाचत होते आणि मला दिसलं.

प्रसाद झाल्यावर काकांना गॅलरीत बोलावलं. काका पूर्वी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. नखांतलं काळं अजून गेलेलं नाही. शाळा सातवी. मी त्यांना अतिशय शुद्ध मराठीत सांगितलं की नियम सर्वांना सारखे असावेत, माझा वैयक्तिक काही आक्षेप नाही वगैरे.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तवा तुमचं वाचन चालू व्हतं ना?”

हो म्हटलं.

“मग पोथीवरनं नजर तिच्या नाकावर कशी गेली?”

मी खाली पाहिलं. समोर स्टँडवर नारायणगावची गाडी लागली होती. लोक खिडकीतून रुमाल टाकत होते.

ते म्हणाले, मंगलला मी सांगतो, हुंगू नको म्हणून. तिचं औषध एवढंच. तुमचं मोठं हाय. मग मत्सरावर बोलले — की काम, क्रोध बाहेरून दिसतात, घासून काढता येतात. मत्सर चासीच्या आतल्या गंजासारखा, वरून रंग चकचकीत आणि एक दिवस गाडी मधोमध मोडते. उपमा बरी होती. मला तेवढ्यातही ती बरी असल्याचं नोंदवावंसं वाटलं.

औषध असं — सोळा माळा होवोत न होवोत, रोज एक माळ मंगलच्या भल्यासाठी करायची. तिचं नाव घेऊन. तिला न सांगता.

“कडू लागंल,” म्हणाले. “लागू द्या.”

सोमवार, २८ जुलै

एकशे आठ मण्यांवर एका टोमॅटोवालीचं भलं! केलं. ‘मंगलचं भलं होवो’ हे वाक्य लग्नपत्रिकेच्या तळाशी शोभेल. कडूबिडू काही लागलं नाही. कंटाळा आला.

गुरुवार, ३१ जुलै

चौथा दिवस. भलं म्हणजे काय, असा प्रश्न पडला म्हणून आज ठरवून विशिष्ट काहीतरी मागितलं. तिच्या मुलाला परदेशात चांगली नोकरी लागो. मोठा बंगला मिळो. त्याने आईला तिकडे घेऊन जावं, कायमचं. ही प्रार्थना मी अगदी मनापासून केली. ऐंशीच्या आसपासच्या मण्यावर कळलं की मी तिला तालुक्याबाहेर काढते आहे.

हसले. बऱ्याच दिवसांनी. मग उरलेले मणी नुसते ओढले.

रविवार, ३ ऑगस्ट

काकांनी मला मंगलच्या हाताखाली दिलं. स्वयंपाकघरात. चिरायला.

एकतीस वर्षं माझ्या हाताखाली लोक होते.

स्वयंपाकघर म्हणजे हॉलमागची दहा बाय आठची खोली. आत बोलायचं नाही, हा नियम. नाम मनात. काही लागलं तर खुणेने. चाखायचं नाहीच. मंगल चव न घेता, वाकून वास न घेता साठ माणसांचं करते. मीठ मुठीत घेते, मूठ थोडी हलवते, काही दाणे परत बरणीत सांडते आणि उरलेलं पातेल्यात. झालं. आजची भाजी मिठाला चोख होती. मी तीनदा वाढून घेतली — खोट काढायला.

आत बोलता येत नाही म्हणून ती जे बोलायचं ते जिन्यात बोलते. आज खाली उतरताना म्हणाली, “मॅडम, भोपळा व्हता त्यो. पेपर न्हाई. किती बघून बघून कापत व्हता!” हॉलमध्ये सगळ्या माताजी; मला एकटीच मॅडम म्हणते. मला वाटायचं, आदराने. आज कारण कळलं. तिचा मुलगा सूरज माझ्या वर्गात होता, अकरावीला.

“मराठीत नापास केलता तुमी त्याला,” मंगल म्हणाली. हसत होती. “मराठीत! घरात आमी दुसरं काय बोलतो?”

मी म्हटलं, लिहिणं वेगळं असतं. ती म्हणाली, असंल बाई. त्या सालापासून तो गॅरेजात आहे, आळेफाट्याला. बरं चाललंय म्हणे.

बुधवार, ६ ऑगस्ट

सूरज आठवत नाही. फार प्रयत्न केला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

तिची माळ चालू आहे. आज नुसतं नाव घेतलं, काही मागितलं नाही. त्यातल्या त्यात हेच कमी खोटं.

रविवार, १० ऑगस्ट

मंगल आज तासभर आधी आली आणि पोथी घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, कुठं थांबायचं ते शिकवा.

ती बोट ठेवून वाचते. जोडाक्षर आलं की बोट थांबतं, ओठ हलतात, मग बोट पुढे. मी तिला स्वल्पविरामावर श्वास घ्यायला शिकवलं. चुका काढल्या. मजा आली. दुसऱ्याच्या चुका काढताना माझा आवाज किती मऊ होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं; आज ऐकू आलं.

मध्येच थांबून म्हणाली, “तुमी वाचता तवा मला समदं दिसतं. माझं मी वाचलं की नुसती अक्षरं.”

खरं लिहिते — हे वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होते. एकतीस वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं. विद्यार्थी म्हणायचे, नोट्स छान आहेत.

पण दिवस तिथे संपला नाही. काका आले. तिला वाचताना बघून दारातच उभे राहिले. वृषाली रडली, अर्थातच. आणि मग तीच म्हणाली की नंदोत्सवाला महाराजांपुढे मंगलमाताजींनीच वाचावं, किती निष्पाप वाचतात! बाकीच्यांनी माना डोलावल्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उत्तम कल्पना. हे मी इतकं सुंदर म्हटलं की मंगलने माझा हात धरला.

अडखळण्याला निष्पाप म्हणायचं. चुकलेल्या ऱ्हस्वदीर्घाला भाव. मग शिकायचं कशाला? शिकवायचं तरी कशाला?

स्वयंपाक तिचा. अश्रू तिचे. आता वाचनही. माझ्याकडे त्या हॉलमध्ये एवढंच होतं.

सोमवार, ११ ऑगस्ट

तिची माळ बंद.

गुरुवार, १४ ऑगस्ट

अकरा माळा. स्वतःसाठी. रागाने जप फार भराभर होतो.

शनिवार, १६ ऑगस्ट

जन्माष्टमी. उपास. हॉलमध्ये गेले नाही, पित्त झाल्याचं कळवलं. घरी बसून सोळा माळा पूर्ण केल्या, पहिल्यांदाच. काही झालं नाही. डोक्यात उद्याची यादी चालली होती: महाराज कुठे बसतील, मी कुठे बसेन, काका कुणाचं नाव देतील.

रविवार, १७ ऑगस्ट

क्रमाने लिहिते. काही गाळायचं नाही.

नऊ वाजता स्वयंपाकघरात गेले. आमटी, भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, खीर. मंगल पहाटेपासून रानात राबून आलेली; पायांना माती, धुऊनही नखांत राहिलेली. तिने मला खुणेने कोथिंबीर दिली. मी निवडायला बसले, तिच्यापासून दोन हातांवर.

साडेदहाला आमटीला उकळी आली. मंगलने बरणीतून मूठ भरली, हलवली, दाणे परत सांडले, मीठ घातलं. ढवळलं. तेवढ्यात वृषाली दारात — महाराज आले, हार कुठे आहे, अशी खूण. मंगल हात धुऊन बाहेर गेली. पाचेक मिनिटांनी आली. चेहरा उजळलेला, दर्शन झालं असणार. पातेल्यापुढे उभी राहिली. बरणीकडे पाहिलं. झाकण उघडंच होतं. तिने मूठ भरली, हलवली, दाणे परत सांडले. आणि घातलं.

दुसऱ्यांदा.

मी पाहिलं. कोथिंबिरीची काडी हातात होती. तोंड उघडलं नाही.

बोलायचं नसतं, नियम आहे — हे मी त्या क्षणी मनात म्हटलं. शब्दशः म्हटलं. पण मौन तोंडाचं असतं, हाताचं नाही. हात वर करता आला असता. बरणीकडे बोट दाखवून दोन बोटं. एवढंच. नैवेद्याला अजून अर्धा तास होता. डाळ वाढवून, पाणी घालून निभावलं असतं. अर्धा तास मी कोथिंबीर निवडली. फार बारीक चिरली. मंगलने बघून मान डोलावली, म्हणजे छान.

चाखणारं कुणी नव्हतं. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे जमलं नसतं.

नैवेद्य गेला. पडदा ओढला. पडद्याआड ते पातेलं त्याच्यापुढे ठेवलेलं, आणि बाहेर आम्ही हात जोडून. तेव्हासुद्धा मी मंगलचाच विचार करत होते. त्याचा नाही. त्याला काय वाढलं आहे, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आत्ता लिहिताना आलं.

पंगत बसली. महाराजांनी पहिला घास घेतला. थांबले. मग भात वाढून घेतला, कालवला आणि सगळं संपवलं. प्रसादाला नावं ठेवायची नसतात. साठ माणसं मुकाट्याने जेवली. मुलांनी तोंडं वाकडी केली, त्यांना आयांनी कोपरं मारली. पाण्याची दोन पिंपं संपली. वृषाली म्हणाली, आमटीत किती भाव आहे! तिला मी आयुष्यात पहिल्यांदा मिठी मारली असती, इतकं हसू कोंडलं होतं.

मंगल शेवटी जेवली. वाढणारे शेवटी बसतात. एक घास घेतला. घास तोंडातच राहिला. मग तिने उजवा हात उलटा केला आणि तळव्याकडे बघत बसली. रडली नाही. ती रडली असती तर मला आनंद झाला असता, असं वाटतं. नक्की माहीत नाही.

मग ती हात न धुता उठली आणि काकांकडे गेली. मी ऐकेन अशा अंतरावर मी आधीच उभी होते. म्हणाली की देवापुढे खारट ठेवलं, माझा हात गेला, मी आत जाणार नाही आणि महाराजांपुढे वाचणार पण नाही. काका म्हणाले, होतं एखाद्या वेळी. ती म्हणाली, एकदाच घातलं हो मी. एकदाच. मग म्हणाली, “नाव मॅडमचं द्या. त्या चुकत न्हाईत.”

काकांनी बराच वेळ फळ्याच्या त्या चौकोनाकडे पाहिलं. मग जाऊन महाराजांच्या कानात बोलले.

महाराजांनी मला बोलावलं. सोळा होतात का, विचारलं. हो म्हटलं. काल झाल्या होत्या. व्याकरणाने खोटं नव्हतं. कार्तिकात या म्हणाले. सगळ्यांनी ‘हरिबोल’ केलं. मंगलनेही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, “लई बरं झालं मॅडम.” तिच्या वाक्यात मी खोट शोधली. ते एवढं तरी मला येतं. सापडली नाही.

मग पोथी. तिच्याऐवजी मी. खूण होती तिथून वाचलं. एका ऋषीने देवाच्या भक्ताचा अपराध केला आणि पळत पळत देवाकडेच गेला. देव म्हणाला, क्षमा माझ्या हातात नाही. ज्याचा अपराध केलास त्याच्याकडे जा. मी प्रत्येक स्वल्पविरामावर श्वास घेतला. आवाज लागला होता. बरेच जण रडले. मंगल भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात पदराखाली.

जे हवं होतं ते सगळं मिळालं. दिवसभर पाणी पिते आहे. तहान जात नाही.

नवशिके म्हणून मी त्या आठ जणांना हसते. त्यांच्यात एकही असा नाही ज्याने मंगलला पाडायला देवाला खारट जेवू घातलं.

सोमवार, १८ ऑगस्ट

सकाळी साडेसहाच्या एसटीने आळेफाटा, तिथून रिक्षाने पिंपळवंडी. मंगल टोमॅटो तोडत होती. बांधावर उभी राहून सांगितलं — तू दुसऱ्यांदा मीठ घातलंस ते मी पाहिलं आणि मुद्दाम गप्प बसले. तिने हातातले टोमॅटो क्रेटमध्ये ठेवले. “मला वाटलं, माझं डोकं फिराया लागलं,” म्हणाली. मी माफी मागितली. ती वाकून पुन्हा तोडायला लागली. सरी संपवली. मग म्हणाली, “आज न्हाई जमायचं मला. उद्या या.”

रस्त्यावर येऊन काकांना फोन केला, सगळं सांगितलं, माझं नाव काढायला सांगितलं. दहाच्या गाडीने परत आले. उद्याही साडेसहाची गाडी आहे.